मानव उपस्थित

वीरेंद्र ही गोष्ट आता स्वतःच सांगतो. लग्नात वरात यायला उशीर झाला की सांगतो, सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत सांगतो, चहाच्या टपरीवर चार माणसं रिकामी सापडली की सांगतो. स्वतःची फजिती इतक्या आवडीनं सांगणारा माणूस सौंसरात दुसरा नाही, असं लोक म्हणतात. फक्त तो दर वेळी बकरीपाशी येऊन थांबतो. बकरी आली की लोक पोट धरून हसतात, आणि ते हसू ओसरायच्या आत हा चहाची ऑर्डर देऊन टाकतो. बकरीनंतर जे झालं ते तो कोणाला सांगत नाही. म्हणून ही गोष्ट त्याच्याकडून न ऐकता इथं ऐकलेली बरी.

नागपूरच्या पुढं, हिंदी मुलखाच्या हद्दीत सौंसर लागतं; वीरेंद्र तिथल्या एका खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. हाताला कला आहे हे त्याचे विरोधकही कबूल करतात. त्या हाताला विश्रांती नाही ही घरच्यांची तक्रार. मागे त्यानं गच्चीवरच्या टाकीला अलार्म बसवला होता. टाकी भरली की घरात घंटी वाजावी, एवढी साधी अपेक्षा. घंटी वाजायची, पण शेजारच्या अंकुशरावांची टाकी भरली की. अंकुशराव जन्मभर विजेच्या खात्यात काम करून रिटायर झालेले, पण त्यांनाही या प्रकाराचा उलगडा झाला नाही. ते एवढंच म्हणाले, "वीरूभाऊ, राहू द्या तशीच. आमचं पानी वाया जात नाई आता."

तर असा हा माणूस, आणि त्याला बापाची काळजी लागली. काळजी खरी होती. वडील रघुनाथराव रामाकोन्याच्या वाटेवर, आतल्या एका गावच्या शिवारात, आपल्या संत्र्याच्या बगीच्यात एकटे राहायचे. टिनाच्या पत्र्यांची एक खोली, एक खाट, एक चूल आणि मोटरपंप. गेल्या उन्हाळ्यात ते भर दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चक्कर येऊन पडले. बकऱ्या चारणाऱ्या भागाबाईला दिसले म्हणून वाचले. तेव्हापासून वीरेंद्रच्या बायकोनं, डिंपलनं, एकच धोशा लावला होता, की मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आता सौंसरात राहावं आणि बगीचा ठेक्यानं देऊन टाकावा.

रघुनाथराव ऐकत नव्हते. उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडून झाड ताणावर सोडतात. झाड तहानलेलं राहतं, पानं मलूल होतात, आणि मग पावसाळ्याच्या तोंडाला ते अंगभर फुलतं. पण ताण जास्त झाला तर झाड वाळतं. म्हणून रोज कोणीतरी झाडात फिरून पान हातात घेऊन बघावं लागतं. "ताणावरचे झाडं सोडून कोनी जाते का?" ते विचारायचे. "सोफ्यावर बसून मले झाडाची तहान समजन का?"

त्यांच्याकडे मोबाईल होता. तो तापू नये म्हणून ते थैलीत घालून झाडाला टांगून ठेवत. फोन केला की झाड ऐकायचं. कॅमेरा लावावा असं वीरेंद्रनं सुचवलं, तेव्हा आई मध्ये पडली. वच्छलाबाई गुडघ्यांमुळे सौंसरात मुलाकडे राहायच्या आणि दूधवाल्याच्या हाती रोज नवऱ्याचा डबा धाडायच्या. त्या म्हणाल्या, "तुहे बाबा मोटरीवर उघड्यावर आंघोय करतेत. ते तू पाहशीन, मंग डिंपल पाहीन, मंग नागपुराहून प्रणाली पाहीन. काई गरज नाई."

प्रणाली ही वीरेंद्रची धाकटी बहीण. ती नागपूरला असते आणि काळजी करण्याचं काम लांबून करते.

मग वीरेंद्रला ती कल्पना सुचली. चेहरा दिसणार नाही, अंग दिसणार नाही, फक्त अंगातली ऊब दिसेल असा सेन्सर मिळतो, हे त्याला माहीत होतं. थर्मल सेन्सर. माणूस गरम, भिंत थंड. पडद्यावर भिंत निळी आणि माणूस नारिंगी. त्यानं तो मागवला, मिठाईच्या एका टिनाच्या डब्यात बसवला आणि खाटेकडे तोंड करून खोलीच्या आड्याला टांगला. जेवणानंतरच्या झोपेच्या वेळी बाबा खाटेवर असले की घरच्यांच्या मोबाईलवर संदेश येणार, 'मानव उपस्थित'. नसले की 'मानव अनुपस्थित' आणि सोबत भोंगा.

"माणूस हाय, असं नाई लिहिता येत का?" डिंपलनं विचारलं.

"यंत्राच्या भाषेला वजन पाह्यजे," वीरेंद्र म्हणाला.

घरात करार झाला. मिरग लागेपर्यंत यंत्र नीट चाललं तर बाबा बगीच्यातच राहतील. नाही चाललं तर सामान घेऊन सौंसरात येतील. रघुनाथरावांनी हे मान्य केलं. ते म्हणाले, "तुह्या डब्बीनं सांगतलं का मी हाओ, तं मी हाओ. तिनं सांगतलं का मी नाई, तं मी सौंसरले येतो, टीव्ही पाहतो अन् मरतो."

यंत्राला माणूस ओळखायला शिकवावं लागतं. त्यासाठी माणूस म्हणून एकटे रघुनाथराव उपलब्ध होते. एक आख्खा रविवार वीरेंद्र त्यांना झोपवत होता, उठवत होता, कुशीवर वळवत होता. फोटो काढायचा असल्यासारखे ते टोपी घालून, श्वास रोखून झोपायचे. संध्याकाळी वैतागून म्हणाले, "इतका तं मी तुह्या मायच्या लग्नातही बसलो-उठलो नाई." पण यंत्र शिकलं. त्याच्या लेखी जगात आता दोनच गोष्टी होत्या, रघुनाथराव आणि बाकी सगळं.

जानेवारीत यंत्रानं कमाल केली. थंडीनं भिंती गार, खोली निळीशार, आणि मधोमध खाटेवर बाबा, पिकल्या संत्र्यासारखे. वीरेंद्र तो पडदा दिसेल त्याला दाखवत सुटला. सौंसरात एखादी गोष्ट दाखवली की सल्ला मिळतोच. त्यासाठी वेगळं विचारावं लागत नाही. अंकुशराव म्हणाले, यानं संत्र्याचे चोर पकडता आले पाहिजेत, आणि भोंग्याचा संदेश आपल्याही मोबाईलवर आला पाहिजे. सलूनवाल्यानं विचारलं, बीपी सांगते का. एक सहकारी कानाशी येऊन म्हणाला, "सर, सरकारी कागद करून घ्या, नाहीतर तुमचं डोकं कोणी दुसराच वापरेल." आपलं डोकं दुसरा कोणी वापरेल ही शक्यता वीरेंद्रला पहिल्यांदाच ऐकायला मिळाली आणि त्यानं ती मनाला लावून घेतली.

त्यापायी तो एका कार्यालयात गेला. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. शेतीवाले म्हणाले हे बिजलीचं काम, बिजलीवाले म्हणाले तब्येतीचं. शेवटी एका टेबलामागच्या गृहस्थांनी शांतपणे चौकशी केली.

"ड्रोन है?"

"नहीं."

"सीसीटीवी है?"

"नहीं सर, इसमें चेहरा नहीं दिखता."

"तो दिखता क्या है?"

"गर्मी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "देखिए मास्टरजी, गर्मी का विभाग हमारे यहाँ नहीं है." वीरेंद्र बाहेर आला आणि बराच वेळ मोटारसायकलवर नुसता बसून राहिला.

तोवर गावात दुसरंच पसरलं होतं. रघुनाथरावांच्या पोरानं बगीच्यात असं यंत्र लावलं आहे, की ज्याला कपड्यांच्या आरपार दिसतं. पाणंदीनं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लांबून वळसा घालून जाऊ लागल्या. सरपंच सुमनताईंनी वीरेंद्रला यंत्रासकट पंचायतीत बोलावलं. त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, पण पदर खोचलेला होता.

"भाऊ, काय दिसते ते सर्व्याइच्या समोर दाखवा," त्या म्हणाल्या. "लपून काई नाई."

वीरेंद्रनं डबा टेबलावर ठेवला, मोबाईल वर धरला आणि यंत्र हॉलमधली माणसं कशी मोजतं ते दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर नारिंगी ठिपके उमटले. बायांनी पुढं वाकून पाहिलं. एकीनं विचारलं, "यातली मी कोनती?" वीरेंद्रनं एक ठिपका दाखवला. ती खूश झाली. तिचा कपड्यांबद्दलचा संशय तिथंच मिटला, कारण त्या ठिपक्याला डोकं कुठं आणि पाय कुठं हेही सांगता येत नव्हतं.

घोटाळा मोजणीत झाला. यंत्रानं टेबलावरच्या चहाच्या किटलीला मेंबर म्हणून धरलं, आणि पंचायतीच्या सचिवांना धरलंच नाही. मार्च तापू लागला होता, आणि सचिव कूलरच्या ऐन तोंडाशी, ओला गमछा डोक्यावर घेऊन बसले होते. गार पडलेला माणूस यंत्राच्या हिशेबी भिंतच.

"सचिव हजर नाई, हे आमाले मशीनबिना मालूम हाय," सुमनताई म्हणाल्या, आणि हॉल इतका हसला की पुढचा ठराव आपोआप मंजूर झाला. यंत्र राहू द्यावं, पण तोंड पाणंदीकडे नको. सचिवांनी मात्र तो अपमान मनात ठेवला. गार हवेतला ओला माणूस यंत्राला दिसत नाही, ही फार मोठी खूण होती. हसण्याच्या नादात वीरेंद्रनं ती सोडून दिली.

मग एप्रिल आला. सौंसरच्या एप्रिलबद्दल सांगत बसत नाही. ज्यानं पाहिला त्याला सांगायची गरज नाही. बगीच्यातली टिनाची खोली दुपारी अशी तापायची की भिंती, छप्पर आणि माणूस सगळे एकाच रंगाचे. त्यात रघुनाथराव ओला गमछा तोंडावर घेऊन झोपायचे, म्हणजे तेवढा भाग माठासारखा गार. यंत्र गोंधळलं. भर दुपारी वर्ग चालू असताना वीरेंद्रच्या खिशात भोंगा वाजला. मानव अनुपस्थित.

फळ्यावरचा खडू तिथंच टाकून तो निघाला. डोक्याला काही न बांधता, मोटारसायकलवर, लूच्या त्या झळांमध्ये. पोचला तेव्हा त्याचं तोंड लालबुंद झालं होतं आणि बाबा घोरत होते.

"काऊन आला?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही आहात, असा मेसेज आला."

रघुनाथरावांनी स्वतःकडे एकदा पाहिलं. "हाओ न मी."

काही दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला बगीच्याच्या तोंडाशी असलेल्या हातपंपापाशी वीरेंद्रला इतकं गरगरलं की तो तिथंच बसून राहिला आणि बाबांनीच त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. घरी येऊन त्यानं बाबांना फोनवर बजावलं, की झोपताना गमछा भिजवू नका. त्या दिवशी नशिबानं फोन झाडानं नाही, बाबांनी उचलला. ते म्हणाले, "गमछा भिजवला तं तुही मशीन मले मारते. नाई भिजवला तं ऊन मारते. तू शिकेल हायस, तूच सांग, कोनाच्या हातानं मरू?"

तिसऱ्या खेपेला नागपूरच्या प्रणालीनं वीरेंद्रचीही वाट पाहिली नाही. तिनं थेट अँब्युलन्सलाच फोन केला. अंकुशरावांनाही संदेश गेला होता, त्यांनी आळीतल्या सगळ्यांना सांगितलं, आणि दोघे-तिघे शोकाला जायच्या कपड्यांत तयारही झाले. अँब्युलन्स बगीच्यात शिरली तेव्हा रघुनाथराव भाकरीबरोबर कांदा फोडत होते. पाठोपाठ वीरेंद्र धापा टाकत पोचला आणि गाडीवरून उतरता उतरता लटपटला.

"पेशंट कोन होय?" अँब्युलन्सवाल्यानं विचारलं.

"हा पाह्य," रघुनाथराव मुलाकडे बोट दाखवून म्हणाले.

अँब्युलन्सवाल्यानं खरोखरच वीरेंद्रला खाटेवर आडवं केलं, बीपी पाहिलं आणि साखर-मिठाची पुडी पाण्यात घालून पाजली. यंत्र डोक्यावर टांगलेलंच होतं. त्यानं याही प्रसंगी खाटेवर कोणी नसल्याचं कळवलं.

त्या संध्याकाळी डिंपलनं शेवटचं सांगितलं. आवाज चढवून नाही. डिंपल आवाज चढवत नाही, हेच त्या घरात सर्वांत जास्त भीतीचं कारण आहे. "मले मशीनशी काई घेनंदेनं नाई. आता एक बार वाजली, का मामाजी इकडं. मागच्या साली त्याइचे ओठ कसे झाल्ते, ते तुमी नाई, म्या पाह्यले."

वीरेंद्र रात्रभर तळमळला, सकाळी उठला, आणि यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये कुठंतरी एक आकडा बदलला. कुठला आणि का, हे तो आजही नीट सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून चमत्कार झाला. ऐन मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि रोज दुपारी न चुकता संदेश. मानव उपस्थित. पडद्यावर निळ्या खोलीत मधोमध नारिंगी ठिपका, जानेवारीत होता त्याहूनही झळझळीत. भोंगा एकदाही वाजला नाही.

वीरेंद्रच्या चालण्यात फरक पडला. तो आयटीआयमध्ये 'आम्ही संशोधक लोक' असं म्हणू लागला. डबा हल्ली जड का असतो, असं दूधवाल्यानं एकदा विचारलं, तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात भूक वाढते. उन्हाळ्यात भूक कधी कोणाची वाढली, हा प्रश्न संशोधकाच्या डोक्यात आला नाही.

पुढे पांढुर्ण्याला नवाचार मेळावा, म्हणजे नव्या शोधांचं प्रदर्शन, भरायचा ठरला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे एक साहेब निवडीसाठी गावोगाव फिरत होते. कोणाच्या तरी तोंडून त्यांच्या कानावर हे यंत्र गेलं. मुलगा शहरातून बापाची राखण करतो, ही गोष्ट त्यांना फार आवडली. यंत्र चालू असताना प्रत्यक्ष पाहायचं, असं त्यांनी कळवलं.

ठरलेल्या दुपारी जीपमधून साहेब, मागून पंचायतीच्या गाडीत सुमनताई आणि सचिव, त्यामागे अंकुशरावांच्या गाडीत डिंपल आणि वच्छलाबाई, अशी वरात निघाली. वीरेंद्र साहेबांशेजारी बसला होता. बगीचा दिसू लागला तसा त्याचा मोबाईल थरथरला.

"देखिए सर," तो म्हणाला. मानव उपस्थित.

"वाह," साहेब म्हणाले. "सो रहे होंगे. आवाज़ मत कीजिए."

सगळे चवड्यांवर चालत खोलीपाशी गेले. दार उघडंच होतं. आत बऱ्यापैकी गारवा होता, कारण भिंतींवर ओली पोती टांगली होती आणि जमिनीवर पाणी शिंपडलं होतं. खाटेवर गोधडी अंथरली होती. गोधडीवर भागाबाईची काळी गाभण बकरी पाय मुडपून आरामात बसली होती, तुरीची चुनी खात. तिनं मान वळवून साहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागली.

साहेबांनी बकरीकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, मग वीरेंद्रकडे.

"यही मानव हैं?" त्यांनी अगदी आदरानं विचारलं.

सचिवांनी इतके दिवस दाबून ठेवलेलं अखेर बाहेर पडलं. "मले नाई धरलं," ते म्हणाले, "अन् हिले धरलं."

इथं वीरेंद्र चहाची ऑर्डर देतो.

पण ती दुपार इथं संपली नाही. सगळे हसत असताना डिंपल हसली नव्हती. तिनं विचारलं, "मंग मामाजी कोठी हायेत?"

बकरी जर इतके दिवस खाटेवर होती, तर इतके दिवस बाबा कुठं होते, हे कोणालाच माहीत नव्हतं. रोज दुपारी वीरेंद्र तो संदेश वाचून निर्धास्त झाला होता, आणि खुशाली मात्र बकरीची वाचत होता. बाबा धुऱ्यावर पडलेले असते तरी त्याच्या मोबाईलनं सगळं ठीक असल्याचंच सांगितलं असतं. तो झाडांमधून हाका मारत धावत सुटला. डिंपल त्याच्या पुढं होती.

नाल्याच्या काठाला जुना आंबा आहे. त्याच्या दाट सावलीत पोत्यावर रघुनाथराव झोपले होते. तोंडावर ओला गमछा, उशाशी पाण्याचा गडू, फांदीला मोबाईलची थैली. वारा नाल्यावरून येत होता आणि तिथं खरंच बरं वाटत होतं. डिंपलनं वाकून त्यांच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती. मग ती तिथंच मातीत बसली.

हाकांनी रघुनाथराव उठले. समोर सून, मुलगा, मागून येणारे साहेब, सगळी पंचायत. त्यांना सगळा उलगडा झाला असावा, कारण त्यांनी आधी टोपी शोधली.

वीरेंद्रची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. साहेबांसमोर गेलेली अब्रूही त्यात होती, खोटं कशाला बोला. "बाबा, तुम्ही माझ्याशी बेइमानी केली," तो म्हणाला.

"टिनाखाली दुपारचं कोनी झोपते का?" रघुनाथराव म्हणाले. "जल्मभर या आंब्याखालीच झोपतो मी. तुही मशीन तिथं टांगली म्हून महिनाभर शिजलो त्या खोलीत. तुले वाईट वाटन म्हून बोललो नाई."

"मग तसं सांगायचं होतं. बकरी कशाला बांधायची?"

रघुनाथरावांनी गडूतलं पाणी गमछ्यावर ओतलं. मग म्हणाले, "पह्यल्या बारीनं तू आला, तवा तुहं तोंड असं लाल होतं. दुसऱ्या बारीनं हातपंपापाशी बसूनच गेला. तिसऱ्या बारीनं अँब्युलन्सवाल्यानं मले सोडून तुलेच पानी पाजलं. चवथ्या बारीनं सडकेवर पडला असता तं? माह्यावर तं तुही डब्बी हाय. तुह्यावर कोनती डब्बी हाय रे? मले कोन सांगन, माहा पोरगा कोठी पडला म्हून?" त्यांनी गमछा पिळला. "भागाबाईची गाभन बकरी उन्हानं धापत होती, म्हून एक दिवस पोते भिजवून तिले खाटेवर बसवलं अन् मी इकडं येऊन झोपलो, तं मशीन चूप राह्यली, तू धावत आला नाई. मी म्हनलं, बरं झालं. मशीन चूप राहीन तं माहा वीरू सावलीत राहीन. म्हून बांधत गेलो."

वच्छलाबाई मागं उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं, आणि तेव्हा कुठं वीरेंद्रच्या लक्षात आलं, की बकरीची चुनी रोज डब्यातून कोण धाडत होतं.

रघुनाथरावांनी पोतं गुंडाळलं. "चला," ते म्हणाले. "जबान देल्ली होती. मशीन फेल, तं मी येतो सौंसरले." चालता चालता त्यांनी एका संत्र्याचं पान तोडलं, बोटांत दुमडून पाहिलं आणि वीरेंद्रच्या हातात दिलं. "हे असं मऊ लागलं का समजायचं, अजून दम हाय. असं कडकड वाजलं, का पानी सोडायचं. ठेकेवाल्याले सांगजो." त्यांनी आवाज सरळ ठेवला होता. पण ते झाडाकडे बघत बोलत होते, माणसांकडे नाही, आणि ते ऐकणं वीरेंद्रला सहन होत नव्हतं.

डिंपल मातीतून उठली. "मामाजी, बकरी रोज कोन बांधते?"

"मीच. दुसरं कोन हाय इथं."

"रोज?"

"जेवन झालं का. पोते भिजवतो, पानी शिंपडतो, तिले खाटेवर चढवतो, चुनी ठेवतो, मंग इकडं येतो."

"अन् एखाद्या रोजी तुमाले बरं नसलं, कोठी पडले असले, तं?"

"तं कोन बांधीन," रघुनाथराव म्हणाले. "बकरी काई सोताच जाऊन खाटेवर बसत नाई. तिले तं बाप्पा, ओढून न्या लागते."

डिंपल नवऱ्याकडे वळली. "मंग तुमची मशीन बरोबरच सांगून राहिली."

वीरेंद्रला ते समजायला वेळ लागला. खाटेवर बकरी आहे, म्हणजे आज कोणीतरी पोती भिजवली, बकरीला ओढत खोलीत नेलं, खाटेवर चढवलं. म्हणजे ते करणारा माणूस जेवला आहे, चालतो आहे, धडधाकट आहे. बकरी दिसली नाही, तरच घाबरायचं. यंत्राला ते कळत नव्हतं, पण ते चुकत नव्हतं.

"मामाजी इथंच राहतीन," डिंपल म्हणाली. "आंब्याखाली झोपतीन. बकरी मात्र रोज बांधा लागन." मग ती वीरेंद्रला हळूच म्हणाली, "अन् तुमी उन्हात उघड्या डोक्यानं निघान, तं मले सांगून निघा."

साहेब निघताना म्हणाले की मेळाव्यात पशुपालनाच्या तंबूत एक जागा मिळू शकेल. वीरेंद्रनं नम्रपणे नकार दिला. सचिवांनी जाता जाता बकरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा राग तिच्यावर नव्हता.

संदेशातला शब्द बदलायचं वीरेंद्रच्या मनात होतं. त्या रात्री त्यानं 'बकरी उपस्थित' असं लिहून पाहिलं, आणि पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर्गात शिकवत होता. फोन थरथरला. मानव उपस्थित. इतके दिवस हा संदेश आला की तो यंत्रावर खूश व्हायचा. त्या दिवशी त्यानं तो बापासाठी वाचला. बाबांनी जेवण केलं, पोती भिजवली, बकरीला ओढत नेलं आणि आता ते आंब्याकडे निघाले असतील. त्यानं फोन खिशात ठेवला आणि उरलेलं शिकवलं. सुट्टी झाल्यावर नळाखाली गमछा भिजवला, डोक्याला नीट गुंडाळला, आणि मग गाडीला किक मारली.